सगळ्या वाटांची सायकल

बीएसए सायकलच्या हँडलखाली, पुढच्या आखूड नळीवर एक पाटी असायची आणि तिच्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णांच्या दुकानातल्या सायकली पुसायचं काम आम्हा भावंडांकडे असे. तेव्हा मी अण्णांना विचारलं होतं, सायकलवर बंदुका कशाला? अण्णांनी हातातला पान्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "ज्याला बंदुकीची नळी नीट करता येते, त्याला सायकलची नळीही नीट करता येते."

अण्णांचं बरोबर होतं. बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन तो कारखाना काढला होता. लढाया थांबल्या की मागणी आटायची आणि यंत्रं नुसती उभी राहायची. म्हणून १८८० मध्ये त्यांनी ऑटो नावाच्या, दोन चाकं शेजारी-शेजारी असलेल्या एका गाडीचं काम घेतलं आणि तिथून ते सायकलीत शिरले. फ्रान्समधलं सेंत-एतिएन हे असंच बंदुकांचं गाव. जपानमधलं साकाई सोळाव्या शतकापासून ठासणीच्या बंदुका आणि सुऱ्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिन्ही गावं पुढे सायकलींची झाली. बर्मिंगहॅमच्या सायकली अण्णांनी आयुष्यभर विकल्या. आज मी जे विकते त्यावर उपकार आहेत ते सेंत-एतिएन आणि साकाईचे.

अण्णांनंतर सदाशिव पेठेतलं हे दुकान मी चालवते. पूर्वी दुधवाले, पोस्टमन आणि कॉलेजची मुलं यायची, आता संगणकावर काम करणारी तरुण मंडळी येतात, आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं. "ताई, साठ-सत्तर हजारांत एकच सायकल सांगा. रोज ऑफिसला नेता यावी, रविवारी सिंहगड करता यावा, पाऊस उघडला की ताम्हिणी, आणि जमलं तर पुढच्या वर्षी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे." (ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी.) एवढं सांगून झालं की आवाज जरा खाली येतो आणि पुढचं वाक्य येतं, "मला काही रेस वगैरे करायची नाही." जणू शर्यतीची सायकल ही खरी आणि आपण मागतोय ती तिची कमअस्सल आवृत्ती. हे वाक्य मला लागतं, कारण सायकलचा इतिहास नेमकं उलट सांगतो.

सेंत-एतिएन हे कोळशाच्या खाणींचं, रेशमी फितींचं आणि बंदुकांचं गाव. तिथे पॉल द विवी नावाचे रेशमाचे व्यापारी होते, जन्म १८५३ चा. ग्रीक आणि लॅटिन वाचणारे, मांसाहार सोडलेले गृहस्थ. सायकलचा नाद असा लागला की १८८७ मध्ये रेशमाचा धंदा विकून त्यांनी कॉव्हेंट्रीहून सायकली मागवून विकायचं दुकान टाकलं आणि त्याच वर्षी सायकलीवरचं एक मासिकही काढलं. त्यात ते 'वेलोसिओ' या नावाने लिहीत. तेव्हाची नवी सायकल म्हणजे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत बनवलेल्या 'रोव्हर'च्या घराण्यातली: दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेचा टायर दिला. सपाट रस्त्यापुरतं सगळं जमून आलं.

वेलोसिओंचं गाव मात्र डोंगराच्या पायथ्याशी होतं. गावाबाहेर पडलं की रेपुब्लिक खिंडीचा चढ लागतो, माथा ११६१ मीटरवर. सिंहगड करणाऱ्या कुणालाही हा चढ ओळखीचा वाटेल. एका गिअरच्या सायकलवर असा घाट चढायचा तर पुढची चकती लहान हवी. पण मग माथा गाठून पलीकडच्या सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात आणि गाडी पुढे सरकत नाही. सपाटीला मोठी चकती लावावी तर चढावर उतरून ढकलायची. वेलोसिओंनी पुढे दोन चकत्या बसवल्या आणि घाटाखाली थांबून हाताने साखळी एकीवरून दुसरीवर घ्यायला सुरुवात केली. बोटं काळी व्हायची, पण घाट सायकलवर बसून चढता येऊ लागला. पुढची कित्येक वर्षं ते स्वतः डोंगरात जाऊन एकेक यंत्रणा तपासत राहिले आणि काय टिकलं, काय तुटलं ते मासिकात लिहीत राहिले. वाचणारे कारागीर त्यावरून नवं काही बनवत. रुंद टायर, कमी हवा, पुरेसे लहान गिअर, मडगार्ड, सामानाला जागा: हा सगळा विचार याच माणसाच्या भोवती जमलेल्या मंडळींनी वाढवला. त्यातलं कुणी शर्यत जिंकायला निघालेलं नव्हतं. त्यांना घरून निघून डोंगर ओलांडून दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात, तूरमाले घाटावर सायकलींची परीक्षा घेतली. परीक्षा यंत्रांची होती. तीत मार्थ हेस ही स्त्री तीन गिअरच्या गोलुआज सायकलवर उतरली आणि पाय जमिनीला न टेकवता तिने मार्ग पुरा केला अशी नोंद आहे. माझ्या मते त्याच दिवशी वाद मिटायला हवा होता. पण शर्यतींची चलती असलेल्या पॅरिसमध्ये आंरी देग्रांज नावाचे संपादक होते. त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खरा विजय स्नायूंचाच. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, याच देग्रांज यांच्या पत्राने टूर द फ्रान्स सुरू केली आणि ही शर्यत म्हणजेच सायकल असं जगाने मानलं.

मग काय झालं? शर्यतीतले लोक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दात बसवून घेत. चढ आला की खाली उतरायचं, चाकाचे कानवाले नट सोडायचे, चाक उलटं करायचं, साखळी ताणायची, नट आवळायचे आणि पुन्हा निघायचं. इटलीतल्या तुल्लिओ काम्पान्योलोंची गोष्ट या धंद्यात सगळे सांगतात: १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे द'आउने घाटावर बर्फात बोटं बधिर झाली, नट सुटेना आणि शर्यत हातची गेली. एका हिसक्यात चाक सोडवणारा जो खटका आज साध्या सायकलीलाही असतो, तो त्यांनी १९३० मध्ये त्यातूनच काढला असं म्हणतात. पण चाक पटकन उलटं करण्याची सोय शोधावी लागली हेच मुळात देग्रांज यांच्या हट्टाचं फळ होतं. सेंत-एतिएनला डोंगर चढणारी साधी माणसं तोवर केव्हाच साखळी सरकवून पुढे निघून जात होती.

टूर द फ्रान्सने साखळी सरकवणाऱ्या गिअरला परवानगी दिली ती १९३७ मध्ये. त्या वर्षी रोजे लापेबी असे गिअर वापरून जिंकले. मार्थ हेसनंतर पस्तीस वर्षांनी. वेलोसिओ ते पाहायला नव्हते. १९३० मध्ये आपल्याच गावात ट्रामचा धक्का लागून ते गेले. रेपुब्लिक खिंडीच्या माथ्यावर त्यांचं स्मारक आहे आणि १९२२ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ सुरू झालेला घाट चढण्याचा दिवस त्यांच्या नावानेच ओळखला जातो.

इंग्लंडमधली हकिगत निराळी आणि मला तितकीच जवळची. तिथल्या सायकल संघटनेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला मनाई केली होती. त्यावर उपाय म्हणून लोक पहाटे, अंगात काळे कपडे घालून, एकेका मिनिटाच्या अंतराने निघत आणि घड्याळाशी शर्यत करत. हे बहुतेक गिरणीत, कारखान्यात, कचेरीत काम करणारे लोक. दोन सायकली घ्यायची ऐपत कुणाची? तीच सायकल सोमवार ते शनिवार कामावर. रविवारी पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना बारक्या पट्ट्या लावून त्यात शर्यतीची हलकी चाकं अडकवायची, शर्यतीच्या जागी जाऊन मडगार्ड आणि दिवे उतरवायचे, चाकं बदलायची, शर्यत करायची आणि सगळं परत जोडून घरी यायचं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये ५३१ नावाचं पोलाद काढलं. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा त्या नळ्यांनी सायकल हलकी झाली आणि जोडाशी मजबूतही राहिली. या मंडळींच्या चौकटीवर त्या नळ्यांचा छोटा हिरवट-सोनेरी कागद डकवलेला दिसायचा, आणि तो दिसावा म्हणून लोक वर्षभर पैसे साठवत. मर्यादित पैशांत एकच सायकल आणि तिच्याकडून सगळं काम, हा विचार इतक्या कसोशीने दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही.

आपल्याकडे मात्र यातली एकही सायकल आली नाही. आली ती तिसरीच. २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, बंद चेनकव्हर, मागे कॅरिअर, वजन वीस किलोंच्या घरात. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून धरतो तो बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढे तिथून नांगर झाले, पंप झाले, पण सुरुवात सायकलच्या दुकानातून. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकली येणं कमी होत गेलं आणि इथेच कारखाने वाढले: १९४९ मध्ये मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल होती. सगळ्यांनी बनवली ती मुख्यतः तीच रोडस्टर.

त्या सायकलीला मी नावं ठेवणार नाही. दुधाच्या किटल्या, पिठाची पोती, पुढच्या दांड्यावर पोरगं आणि मागे बायको, एवढं घेऊन ती खडीच्या रस्त्यावरून तीस-तीस वर्षं चालली. अण्णा नव्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "ओझं काय वाहणार?" पेटीतून सुटे भाग यायचे. अण्णा छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवायचे, चाकाला तारा भरायचे, आऊट काढायचे आणि मग हँडलला झेंडूची माळ घालून, नारळ फोडून सायकल घरी जायची. पालिकेचा बिल्ला लावायचा, डायनॅमो लावायचा, नाहीतर रात्री पोलीस अडवायचा. आणि लांबच्या वाटेचं म्हणाल तर, १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ४४ हजार मैल करून १९२८ मध्ये परत आले. सायकल कशी असावी यावर मी कितीही बोलले तरी त्या तिघांची आठवण ठेवून बोलते.

पण रोडस्टरच्या पुढे ४४ दात आणि मागे १८ असले की पायडलच्या एका फेरीत गाडी जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीवर छान. कात्रजच्या जुन्या घाटात उतरायचंच. आपल्याकडे सायकलवाला घाट पायी चढतो हे इतकं गृहीत धरलं गेलं की गिअर मागणाराच उरला नाही. मुंबई-पुणे शर्यतीत उतरणारी पोरं तेवढी बोरघाटासाठी धडपडायची, कारण घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आणि त्याचा मान विजेत्याहून कमी नसे. आमच्या दुकानात अशी मुलं यायची. अण्णा त्यांच्या सायकलीचं मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळं उतरवून द्यायचे, वाकडं हँडल मुंबईहून मागवायचे, आणि बिल लिहिताना अर्धं विसरायचे.

गिअर आपल्यापर्यंत आले ते पूर्वेकडून. साकाईत १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी फ्रीव्हीलपासून सुरुवात केली. १९६४ मध्ये सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीने साखळी सरकवणाऱ्या यंत्राचा पाळणा तिरका केला. त्यामुळे मागच्या लहान-मोठ्या दातांपासून त्याचं अंतर सारखं राहू लागलं. दिसायला क्षुल्लक, पण गिअर अचूक पडायला लागले ते यामुळे. ते पेटंट संपल्यावर शिमानोने ती कल्पना घेतली आणि १९८४ मध्ये 'टिक' करून नेमका एकच गिअर पडणारा खटका दिला, १९९० मध्ये तो ब्रेकच्या दांडीतच बसवला. हात हँडलवरून न काढता ब्रेक आणि गिअर दोन्ही. वरच्या महाग संचात जे आलं ते काही वर्षांनी खालच्या स्वस्त संचात उतरतं. मध्यम बजेटवाल्याला या धंद्याचा सगळ्यांत मोठा आधार तो हाच. तैवानमध्ये १९७२ मध्ये जायंट कंपनी निघाली. सुरुवातीला ती दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवत होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी माइक बरोज या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यासाठी वरची नळी उतरती केली. मग थोड्याच मापांत बहुतेक माणसं बसू लागली, आणि मापं कमी म्हणजे खर्च कमी. माझ्यासारख्या पाच फूट उंचीच्या बाईला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहता येऊ लागलं हा त्याचा दुसरा लाभ, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

आणि आता पाहा, शर्यतीवाले काय वापरतात. २३ मिलिमीटरचे दगडासारखे कडक टायर टाकून २८ आणि त्याहून रुंद टायरवर आले, कारण खडबडीत रस्त्यावर टायर कडक असला की चालवणाऱ्याची ताकद गाडी उडवण्यातच जाते. डोंगरी टप्प्यांना बारीक गिअर लावू लागले. सेंत-एतिएनच्या मासिकात शंभर वर्षांपूर्वी हेच चाललं होतं. म्हणून "मला रेस करायची नाही" म्हणणाऱ्या मुलीला मी सांगते, मान खाली घालू नकोस, तू मागते आहेस ते मूळ आहे.

मी अण्णांसारखा ओझ्याचा प्रश्न विचारत नाही. मी विचारते, "तुझ्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट चढ कुठला?" उत्तर पसरणी घाट असेल तर पुढे ३४ दातांची आणि मागे निदान ३२, शक्यतो ३४ दातांची चकती हवी. पायडलच्या एका फेरीत दोन मीटरच्या थोडं वर. म्हणजे दम लागेल, पण उतरावं लागणार नाही. त्याआधी माप. मापात न बसणारी सायकल कितीही सवलतीत असली तरी मी देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. मग चौकटीत आणि चिमट्यात ३२ मिलिमीटरचा टायर घालून वर मडगार्डला जागा उरते का ते बोट घालून बघायचं, आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी स्क्रूची भोकं आहेत का तेही. पुण्यात चार महिने पाऊस असतो, आणि मडगार्ड नसलेल्या सायकलवर ऑफिसला पोचलेल्या माणसाची पाठ मी पाहिली आहे.

साठ-सत्तर हजारांत ॲल्युमिनियमची चौकट, कार्बनचा चिमटा आणि शिमानोचा आठ किंवा नऊ गिअरचा संच एवढं नीट बसतं. कार्बनची चौकट मिळते म्हणून चाकं आणि टायर हलक्या प्रतीचे घेणं मला पटत नाही. आठ-नऊ गिअरची साखळी जाड असते, स्वस्त असते, पुष्कळ टिकते. डिस्क ब्रेक घ्यावा, पण तारेचा. तेलाचा ब्रेक उत्तम, तरी भोरच्या पुढे कुठे बिघडला तर तिथल्या दुकानात तार मिळेल, ते तेल मिळणार नाही. सात-आठ हजार बाजूला ठेवावेत: हेल्मेट, दिवे, पंप, दोन ट्यूब, आणि कंपनीने दिलेले जाडजूड टायर झिजले की चांगले मऊ टायर. वजनाचा काटा माझ्या दुकानात आहे, तो कुणी मागितल्याशिवाय मी काढत नाही.

राहता राहिली ती ब्रेव्हे, आणि तिच्या पुढची मोठी वारी. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची वारी १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. शार्ल तेरों यांनी मिशेलिनचे सुटे होणारे हवेचे टायर लावून ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. १९३१ मध्ये तिच्यात प्रवासी सायकलवाल्यांना घेतलं. व्यावसायिकांची शर्यत १९५१ मध्ये शेवटची झाली, पुढे पुरेसे स्पर्धक आले नाहीत. प्रवाशांची अजून दर चार वर्षांनी होते, ९० तासांच्या मुदतीत, आणि आता तिथे भारतातून शेकडो जण जातात. त्यात माझ्या दुकानातून नेलेल्या सायकलीही आहेत. तिकडे जायचं तर आधी इथे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे कराव्या लागतात. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरहून जरा कमीच. एवढ्या वेळात वाटेतली मिसळ, दोनदा चहा आणि एखादं पंक्चर सहज बसतं.